सॅरासोटाची अठरा हजार कोरी मते

१/
७ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या तेराव्या मतदारसंघात प्रतिनिधिगृहाच्या एका जागेसाठी मतदान झाले. दोन उमेदवारांना मिळून २,३८,२४९ मते पडली आणि विजयी उमेदवाराचे मताधिक्य निघाले अवघे ३६९. त्याच मतदारसंघातील सॅरासोटा या एका काउंटीत मात्र १८,४१२ मतदार असे निघाले, की ज्यांनी मतदान तर केले होते, पण या लढतीपुरते त्यांचे मत कोरे होते. ती मते गेली कोठे? या प्रश्नाचा पाठलाग न्यायालय, विद्यापीठ आणि अमेरिकी काँग्रेस यांनी पंधरा महिने केला. त्या शोधाची ही हकीकत. (थ्रेड)

२/
तिची पार्श्वभूमी सहा वर्षे मागे जाते. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत सारा देश फ्लोरिडावर अडकला होता. तेथील सुमारे ६० लाख मतांमध्ये जॉर्ज बुश आणि अल गोर यांच्यातले अंतिम अंतर होते ५३७ मतांचे. त्या वेळी राज्यातील अनेक काउंट्यांत छिद्र पाडण्याच्या मतपत्रिका, म्हणजे पंच कार्डे, वापरली जात. मतदाराने टोचणीने कार्डाला भोक पाडायचे, त्यातून कागदाचा चौकोनी कपटा गळून पडायचा आणि यंत्राने ते भोक वाचायचे, अशी ती पद्धत.

३/
पण कपटा नेहमीच पूर्ण गळत नसे. कधी तो एका कोपऱ्याला लोंबकळत राही, कधी त्यावर नुसता फुगवटा येई. असे कार्ड मत मानायचे की नाही, यावर आठवडेच्या आठवडे वाद चालला. भिंगातून कार्ड निरखणाऱ्या मतमोजणी अधिकाऱ्यांची छायाचित्रे जगभर छापली गेली. अखेर १२ डिसेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निर्णयाने फेरमोजणी थांबवली आणि बुश अध्यक्ष झाले.

४/
त्याच निवडणुकीतला दुसरा धडा तितकासा लक्षात राहिला नाही. पाम बीच काउंटीत उमेदवारांची नावे मोठ्या अक्षरांत छापता यावीत, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर मांडली होती आणि भोके मधल्या एकाच पट्टीत होती. हेतू वृद्ध मतदारांच्या सोयीचा. प्रत्यक्षात कोणते भोक कोणत्या नावाचे, यात अनेकांची गल्लत झाली. पॅट ब्युकॅनन या तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला त्या काउंटीत अनपेक्षितपणे सुमारे ३,४०० मते पडली. नुसत्या मांडणीने निकाल हलू शकतो, हे तेथे दिसले होते. परंतु देशाच्या मनात ठसला तो लोंबकळणारा कपटाच.

५/
त्यामुळे उपायही कपट्यावरचा निघाला. फ्लोरिडाने २००१ मध्ये पंच कार्डे हद्दपार केली. ऑक्टोबर २००२ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि जुनी यंत्रे बदलण्यासाठी राज्यांना अब्जावधी डॉलर्स मिळू लागले. प्रत्येक मतदानकेंद्रावर दिव्यांग मतदारांना स्वतःच्या हाताने, गुप्तपणे मत देता येईल असे किमान एक यंत्र हवे, अशीही अट त्या कायद्याने घातली. अंध मतदाराला कानात ऐकून मत देण्याची सोय टचस्क्रीन यंत्रांत होती. ही यंत्रे इतक्या झपाट्याने का पसरली, हे समजून घेताना हा न्याय्य भाग विसरून चालणार नाही.

६/
सॅरासोटा काउंटीने घेतलेल्या यंत्राचे नाव होते ‘आयव्होट्रॉनिक’. नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथील ‘इलेक्शन सिस्टिम्स अँड सॉफ्टवेअर’ या कंपनीचे हे उत्पादन. पडद्यावर नावे दिसत, मतदार बोटाने नाव निवडी, एकेक पान पुढे सरके, शेवटी सर्व निवडींचा गोषवारा समोर येई आणि मग मतदार अंतिम बटण दाबी. मत यंत्राच्या स्मृतीत साठे. कागद कोठेच नव्हता. भोक नाही, कपटा नाही, म्हणजे वादही नाही, अशी त्यामागची समजूत होती.

७/
ती समजूत किती तकलादू आहे, याची सूचना जानेवारी २००४ मध्येच मिळाली होती. फ्लोरिडा विधानसभेच्या एका जागेची पोटनिवडणूक झाली. मतपत्रिकेवर दुसरी कोणतीही लढत नव्हती. निकाल लागला १२ मतांनी आणि टचस्क्रीन यंत्रांवर १३० हून अधिक मते कोरी निघाली. एकाच लढतीसाठी घराबाहेर पडलेला माणूस मत न देताच परत का जाईल? कायदा म्हणत होता, की अंतर इतके कमी असेल तर मते हाताने तपासा. पण हाताने तपासायला हाती काही यायला हवे ना! निकाल तसाच कायम राहिला.

८/
मग आली २००६ ची निवडणूक. तेराव्या मतदारसंघाची जागा रिकामी झाली होती ती कॅथरीन हॅरिस यांच्यामुळे. २००० मध्ये फ्लोरिडाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट या नात्याने बुश यांच्या विजयावर शिक्कामोर्तब करणाऱ्या त्या याच हॅरिसबाई. २००२ मध्ये त्या येथून काँग्रेसवर निवडून आल्या आणि २००६ मध्ये सिनेटची निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी ही जागा सोडली. तिच्यासाठी रिपब्लिकन पक्षाने मोटारविक्रीच्या व्यवसायातील धनिक व्हर्न ब्युकॅनन यांना उभे केले, तर डेमोक्रॅटिक पक्षाने बँकिंग क्षेत्रातील क्रिस्टीन जेनिंग्ज यांना. हे ब्युकॅनन पाम बीचच्या ब्युकॅनन यांचे केवळ नामसाधर्म्य असलेले.

९/
अमेरिकेत अनेक ठिकाणी मतदानाच्या दिवसाआधी काही दिवस केंद्रावर जाऊन मत देता येते. सॅरासोटात असे आगाऊ मतदान सुरू होताच तक्रारी येऊ लागल्या. काहींना काँग्रेसची लढत पडद्यावर दिसलीच नाही. काहींनी निवड केली होती, पण शेवटच्या गोषवाऱ्यात त्या लढतीपुढे निवड झालेली नाही, असे दिसले. त्यांनी मागे जाऊन मत पुन्हा नोंदवले. या लढतीकडे मतदारांचे लक्ष वेधावे, अशी सूचना निवडणूक कार्यालयाने केंद्रांवरील कर्मचाऱ्यांना दिली. यंत्रांतील मांडणी मात्र तीच राहिली.

१०/
मतदान संपले. आकडे समोर आले, तेव्हा जाणकारांच्या भुवया उंचावल्या. सॅरासोटातील यंत्रांवर पडलेल्या मतांपैकी सुमारे १५ टक्के मते काँग्रेसच्या लढतीपुरती कोरी होती. त्याच काउंटीत, त्याच लढतीत, टपालाने आलेल्या कागदी मतपत्रिकांत हे प्रमाण अवघे अडीच टक्के होते. मतदारसंघातील इतर काउंट्यांतही ते यंत्रांवरील प्रमाणापेक्षा कितीतरी कमी होते. प्रचाराच्या चिखलफेकीला कंटाळून लोकांनी या लढतीकडे पाठ फिरवली, असे एक स्पष्टीकरण पुढे आले. पण मग हा कंटाळा टपालाने मत देणाऱ्यांना का आला नाही?

११/
या कोऱ्या मतांचे राजकीय वजनही मोठे होते. मोजलेल्या मतांत सॅरासोटा काउंटीने जेनिंग्ज यांना सुमारे ५३ टक्के कौल दिला होता. तेथील कोऱ्या मतांपैकी १०,००० मते जरी त्याच प्रमाणात विभागली गेली असती, तरी जेनिंग्ज यांना साडेपाचशेहून अधिक मतांची निव्वळ भर पडली असती. त्या हरल्या होत्या ३६९ मतांनी. म्हणजे ज्या काउंटीत त्या पुढे होत्या, नेमक्या तेथेच मतांना गळती लागली होती.

१२/
फ्लोरिडाच्या कायद्यानुसार अंतर अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर यंत्राने फेरमोजणी करायची आणि पाव टक्क्याच्या आत असेल तर कोरी व बाद मते माणसांनी डोळ्यांनी तपासायची. येथे अंतर ०.१६ टक्क्यांहूनही कमी होते. फेरमोजणी झाली. परंतु यंत्राला पुन्हा विचारले, तर यंत्र पुन्हा तेच सांगणार. कोऱ्या मतांचे छापील उतारे काढले तरी त्यांवर कोरी जागाच दिसणार. २००० मध्ये निदान भिंगातून निरखायला कार्ड तरी होते. २० नोव्हेंबर रोजी १,१९,३०९ विरुद्ध १,१८,९४० अशा मतांनी ब्युकॅनन यांचा विजय जाहीर झाला.

१३/
येथे भारतीय वाचकाने एक फरक ध्यानात घ्यायला हवा. लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या मतदानात आपल्याकडे एका यंत्रावर एकच लढत असते. अमेरिकेतील मतदार मात्र एकाच बैठकीत सिनेटर, काँग्रेस सदस्य, राज्यपाल, राज्याचे इतर पदाधिकारी, न्यायाधीश आणि स्थानिक ठराव अशा कितीतरी गोष्टींवर मत देतो. यांतली एखादी लढत सोडून देण्याची त्याला मुभा असते. त्यामुळे दरवेळी थोडी मते कोरी राहतात आणि ते स्वाभाविकच मानले जाते.

१४/
याच्या जवळ जाणारा अनुभव महाराष्ट्रात आहे तो महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागांचा. २०१७ मध्ये पुणे, नाशिक अशा शहरांत मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी एकापाठोपाठ बटणे दाबावी लागली. तेथे प्रत्येक जागेसाठी कोणते ना कोणते बटण, निदान ‘नोटा’चे तरी, दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. ‘कोणीही नको’ हे तेथे नोंदवून सांगावे लागते. सॅरासोटाच्या यंत्रात अशी नोंद नव्हती. मुद्दाम सोडलेली लढत आणि नजरेतून निसटलेली लढत, दोन्हींची खूण एकच होती: कोरी जागा.

१५/
जेनिंग्ज न्यायालयात गेल्या. त्यांची मागणी होती, की यंत्राची आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, आपल्या तज्ज्ञांना तपासू द्यावी. कंपनीचे म्हणणे, की ते व्यावसायिक गुपित आहे. २९ डिसेंबर २००६ रोजी लिऑन काउंटीचे न्यायाधीश विल्यम गॅरी यांनी मागणी फेटाळली. यंत्रात बिघाड असल्याचे म्हणणे तर्कावर उभे आहे आणि तर्काच्या बळावर गुपित उघडता येत नाही, असा त्यांच्या निर्णयाचा आशय. बिघाडाचा पुरावा दाखवल्याशिवाय यंत्र उघडता येणार नाही आणि यंत्र उघडल्याशिवाय पुरावा मिळणार नाही, अशा कोंडीत तक्रारदार पक्ष सापडला.

१६/
संशयाला खतपाणी घालणारा एक कागदही बाहेर आला होता. ऑगस्ट २००६ मध्ये, म्हणजे निवडणुकीच्या तीन महिने आधी, कंपनीने फ्लोरिडातील निवडणूक कार्यालयांना पत्र पाठवले होते. काही यंत्रांत बोट टेकवल्यावर निवड पडद्यावर उमटायला विलंब लागतो, मतदारांना बोट थोडा वेळ टेकवून ठेवावे लागेल, अशा आशयाचे. पण पडद्याच्या मंदपणाचा परिणाम सगळ्याच लढतींवर व्हायला हवा होता. तो एकाच लढतीवर का झाला, याचे उत्तर त्या पत्रात नव्हते.

१७/
राज्य सरकारने स्वतः दोन चाचण्या केल्या. पहिलीत काही यंत्रांवर ठरवून दिलेली मते टाकून निकाल पडताळण्यात आला. दुसरीत फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे सोर्स कोड देण्यात आला. ॲलेक यासिनसॅक यांच्या नेतृत्वाखाली आठ संगणकतज्ज्ञांनी तो वाचून काढला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये अहवाल दिला. कोरी मते आज्ञावलीतील दोषामुळे निर्माण झाली असे दिसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. मात्र त्याच अहवालात त्यांनी यंत्राच्या सुरक्षेतील गंभीर उणिवाही नोंदवल्या. या निवडणुकीत घुसखोरी झाल्याचे दिसले नसले, तरी घुसखोरीची वाट मोकळी होती.

१८/
यावरही सर्वांचे समाधान झाले नाही. स्टॅनफर्डचे डेव्हिड डिल आणि राइस विद्यापीठाचे डॅन वॉलक यांनी तपासातील त्रुटींवर बोट ठेवले. आज्ञावली वाचणे आणि निवडणुकीत वापरलेली प्रत्यक्ष यंत्रे, त्यांचे पडदे, त्यांचे हार्डवेअर तपासणे, या वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. हे दोघेही कागदी पुराव्याशिवायच्या यंत्रांविरुद्ध आधीपासून बोलत आले होते. अमेरिकेत या यंत्रांबद्दलची शंका एकट्या पराभूत उमेदवारांनी उपस्थित केली नव्हती, संगणकशास्त्रज्ञ त्यात अग्रभागी होते, ही नोंद महत्त्वाची आहे.

१९/
मग अंतिम निवाडा कोणाचा? अमेरिकी संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदातील पाचव्या कलमानुसार आपल्या सदस्यांच्या निवडणुकीचा न्याय प्रत्येक सभागृह स्वतःच करते. त्यासाठीची कार्यपद्धती १९६९ च्या कायद्याने ठरवून दिली आहे. जेनिंग्ज यांनी त्याखाली प्रतिनिधिगृहाकडे दाद मागितली. ४ जानेवारी २००७ रोजी शपथविधीच्या वेळी न्यू जर्सीचे सदस्य, पेशाने भौतिकशास्त्रज्ञ असलेले रश होल्ट यांनी या जागेचा प्रश्न सभागृहात उपस्थित केला. ब्युकॅनन यांनी शपथ घेतली तरी तक्रारीचा निर्णय खुला राहील, असे सभापती नॅन्सी पेलोसी यांनी स्पष्ट केले.

२०/
सभागृहात नुकतेच डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत आले होते. मनात आणले असते तर संख्याबळावर ब्युकॅनन यांना घरी पाठवता आले असते. पण एक जुनी जखम सर्वांच्या स्मरणात होती. १९८४ मध्ये इंडियाना राज्याच्या आठव्या मतदारसंघात राज्याने रिपब्लिकन रिचर्ड मॅकिन्टायर यांना विजयी ठरवले होते. डेमोक्रॅटिक बहुमताच्या सभागृहाने स्वतः मोजणी करून फ्रँक मॅक्लॉस्की यांना अवघ्या चार मतांनी विजयी घोषित केले आणि १ मे १९८५ रोजी शपथ दिली. रिपब्लिकन सदस्य निषेध करत सभागृहाबाहेर पडले. ती कटुता वर्षानुवर्षे टिकली.

२१/
या वेळी सभागृहाने संथ मार्ग धरला. टेक्सासचे चार्ल्स गोन्झालेझ यांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांचा गट नेमला गेला. त्याने तांत्रिक तपास काँग्रेसच्या लेखापरीक्षण यंत्रणेकडे, म्हणजे गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसकडे सोपवला. सॅरासोटात वापरलेल्या १,४९९ यंत्रांपैकी ११५ यंत्रांतील आज्ञावली प्रमाणित आज्ञावलीशी ताडून पाहण्यात आली. दहा यंत्रांवर मत नोंदवण्याचे ११२ निरनिराळे प्रकार करून पाहण्यात आले. दोन यंत्रांच्या पडद्यांचे मोजमाप मुद्दाम बिघडवून मत कसे नोंदले जाते, तेही तपासले गेले.

२२/
८ फेब्रुवारी २००८ रोजी अहवाल आला. यंत्रांमुळे कोरी मते निर्माण झाली नाहीत, असे या चाचण्यांतून दिसते. पूर्ण खात्री मात्र कोणतीच चाचणी देऊ शकत नाही. काही मतदारांनी लढत मुद्दाम सोडली असेल किंवा पडद्यावरील मांडणीने त्यांची दिशाभूल झाली असेल, असा त्याचा आशय होता. २५ फेब्रुवारीला प्रतिनिधिगृहाने तक्रार निकालात काढली. सभागृहात बहुमत असलेल्या पक्षाने आपल्याच उमेदवाराची तक्रार फेटाळली, हे त्या संस्थेच्या खात्यावर जमा धरायला हवे.

२३/
सगळ्यांत पटणारे उत्तर आले ते पडद्याच्या रचनेतून. पहिल्या पानावर सिनेटची लढत एकटीच होती. दुसऱ्या पानावर सर्वांत वर काँग्रेसचे दोनच उमेदवार होते आणि त्यांच्या खाली रंगीत ठळक मथळा देऊन राज्यपालपदाच्या उमेदवारांची लांबलचक यादी. पान उघडताच नजर थेट रंगीत मथळ्यावर जाई आणि वरच्या दोन ओळी एखाद्या शीर्षकासारख्या डोळ्यांआड राहत. ज्या पानावर दोन लढती आहेत, त्या पानावर एकच आहे असे समजून मतदार पुढे सरके.

२४/
लॉरिन फ्रिसिना, मायकेल हेरॉन, जेम्स होनाकर आणि जेफ्री लुइस या अभ्यासकांनी हे पडताळून पाहिले. शेजारच्या शार्लट आणि ली या काउंट्यांतही हेच यंत्र होते. तेथे राज्यपालपदाच्या पानावर दुसरी लढत होती ती राज्याच्या ॲटर्नी जनरल पदाची. त्या लढतीत तेथे कोऱ्या मतांचे प्रमाण असेच असाधारण निघाले. सॅरासोटात ॲटर्नी जनरलची लढत वेगळ्या पानावर होती आणि तेथे असे काही घडले नाही. म्हणजे गळती लढतीमागे जात नव्हती, पानामागे जात होती. या मांडणीमुळे जेनिंग्ज यांचा विजय हुकला असण्याची शक्यता फार मोठी आहे, असा त्यांच्या विश्लेषणाचा निष्कर्ष होता.

२५/
येथे एक सूक्ष्म पण मोठा फरक उरतो. यंत्राने मोजणी चुकवली नाही, हे मान्य केले तरी मतदारांचा कौल निकालात उतरला, असे सिद्ध होत नाही. मोजणी बरोबर आणि निकाल शंकास्पद, असे एकाच वेळी घडू शकते. शिवाय हे सारे कळले ते पंधरा महिन्यांनी, संख्याशास्त्राच्या आडवाटेने. मतदार कागदावर खूण करत असते, तर कोऱ्या जागेशेजारी एखादी अर्धवट रेघ, खोडलेले नाव, काही तरी दिसले असते. शिवाय कागदी मतपत्रिकांवर या लढतीची एवढी गळती झालीच नव्हती.

२६/
याच निवडणुकीतला सर्वांत बोलका योगायोग असा. त्याच ७ नोव्हेंबरला, त्याच यंत्रांवर, सॅरासोटाच्या मतदारांसमोर एक स्थानिक ठरावही होता: काउंटीत मतदाराला स्वतः पडताळता येईल अशी कागदी मतपत्रिका असावी. तो मंजूर झाला. पुढच्या वर्षी राज्यपाल चार्ली क्रिस्ट यांनी राज्यभर टचस्क्रीनऐवजी कागदी मतपत्रिका आणि त्या वाचणारी स्कॅनर यंत्रे आणण्याची योजना मांडली आणि मे २००७ मध्ये तिचा कायदा झाला. क्रिस्ट त्या वेळी रिपब्लिकन होते. म्हणजे ज्या पक्षाने ही जागा जिंकली, त्याच पक्षाच्या राज्यपालाने ती यंत्रे मोडीत काढली. दिव्यांग मतदारांसाठीची टचस्क्रीन यंत्रे तेवढी काही काळ ठेवण्यात आली.

२७/
भारतात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटत गेला. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कागदी पडताळणी ही मुक्त व न्याय्य निवडणुकीसाठी अपरिहार्य गरज असल्याचे म्हटले आणि ती टप्प्याटप्प्याने आणण्यास सांगितले. तीच आजची व्हीव्हीपॅट चिठ्ठी, जी मतदाराला काचेआड सात सेकंद दिसते. किती चिठ्ठ्या मोजायच्या, यावरचा वाद पुढेही न्यायालयात गेला. मतदाराला दिसलेला कागद मागे राहिला पाहिजे, हे तत्त्व मात्र दोन्ही देशांत स्वीकारले गेले.

२८/
कागदाने चुरस संपत नाही. २०२० मध्ये आयोवा राज्याच्या दुसऱ्या मतदारसंघात सुमारे चार लाख मतांमध्ये मॅरियानेट मिलर-मीक्स या रीटा हार्ट यांच्यापेक्षा अवघ्या सहा मतांनी पुढे राहिल्या. हार्ट यांनी १९६९ च्याच कायद्याखाली दाद मागितली. पण त्यांची तक्रार २२ ठरावीक मतपत्रिकांबद्दल होती. प्रत्येक पत्रिका हातात धरता येत होती, ती का मोजली गेली नाही यावर युक्तिवाद करता येत होता. मार्च २०२१ मध्ये हार्ट यांनी तक्रार मागे घेतली. सॅरासोटात १८,००० कोऱ्या मतांपैकी एकाबद्दलही असा युक्तिवाद करणे शक्य नव्हते.

२९/
२००८ मध्ये ब्युकॅनन आणि जेनिंग्ज पुन्हा समोरासमोर आले. या वेळी मतदान कागदावर झाले. ब्युकॅनन ५५ टक्क्यांहून अधिक मते घेऊन मोठ्या फरकाने जिंकले आणि पुढे दीर्घकाळ काँग्रेसमध्ये राहिले. त्या निकालावर कोणी शंका घेतली नाही. २००६ च्या निकालावरची शंका मात्र कधीच पूर्ण फिटली नाही आणि आता ती फिटण्याचा मार्गही उरलेला नाही.

३०/
निवडणुकीचा निकाल विजेत्याला पटवावा लागत नाही. तो पराभूताला आणि त्याच्या मतदारांना पटावा लागतो. त्यासाठी मोजणी बरोबर असणे पुरेसे नाही, ती बरोबर होती हे दाखवता आले पाहिजे. २००० च्या कपट्यांना वैतागून फ्लोरिडाने कागदच काढून टाकला आणि वादाबरोबर वाद मिटवण्याचे साधनही गमावले. पाम बीचच्या दोन पानांनी शिकवलेला मांडणीचा धडा मात्र सहा वर्षांनी सॅरासोटाच्या पडद्यावर पुन्हा गिरवावा लागला. त्याची किंमत १८,००० मतदारांनी मोजली आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण ती मोजत आहोत, याची कल्पनाही नव्हती.

(थ्रेड समाप्त)